ओट्याला जोडलेलं टेबल

"अहो, तिथून येऊ नका, पुसलं जाईल," आई म्हणाल्या.

अण्णा, माझे सासरे, स्वयंपाकघराच्या दारात तसेच थांबले. फरशीवर रांगोळीच्या पांढऱ्या रेघा होत्या. ओट्याच्या एका टोकापासून दोन सरळ रेघा निघून मधल्या भिंतीला टेकल्या होत्या. भिंतीपलीकडच्या जेवणाच्या खोलीत त्या पुन्हा सुरू होऊन टेबलापर्यंत गेल्या होत्या. आई, माझ्या सासूबाई, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, वाकून, चिमटीतून रांगोळी सोडत होत्या. वीतभर रेघ झाली की दम खायला थांबत. त्या थांबल्या की मी खुर्ची मागे सरकवायची.

"हे काय करून राहिलीस तू?" अण्णांनी विचारलं.

"ओटा."

"ओटा आहे की."

"तो उभ्याने काम करायचा आहे. मला बसून करता येईल असा पाहिजे. आणि त्यालाच जोडून टेबल. ही बघा, इथे शेगडी. इथे पोळपाट. आणि पुढे तसंच सरळ जेवायची जागा. मध्ये काही नको."

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. "भिंत पाडायची?"

"हो."

"कुमुद, या दिवसात हे कुठे काढतेस? धूळ, ठोकाठोकी... आणि तू तर आता जेवतही..."

वाक्य त्यांनी तोंडातच धरलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी खाली रेघांकडे बघत राहिले.

"जेवत नाही म्हणूनच तर," आई शांतपणे म्हणाल्या. "मृणाल, खुर्ची जरा अजून मागे घे."

लग्न होऊन मी जळगावला आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. माझं माहेर सांगलीचं. हर्षल आणि मी पुण्याला एकत्र शिकत होतो, तिथेच जमलं. हे लेवा पाटलांचं घर, आमचं कासारांचं. माझ्या घरच्यांना बरेच दिवस राग होता. भंगाळ्यांच्या, म्हणजे हर्षलच्या घरात मात्र आईंनी पहिल्याच दिवशी मला ओट्याशी नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "मला मुलगी नाही. मुलीशी कसं वागतात ते मला येत नाही, तू सांभाळून घे." बोलणं तोडकं होतं त्यांचं, पण माणूस सरळ.

घर गावाबाहेरच्या एका जुन्या कॉलनीत होतं, अण्णा पाटबंधारे खात्यात असताना बांधलेलं. पुढे अंगण, मागे लिंबाचं झाड. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये भिंत, आणि त्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. आई आत तव्यासमोर असत. भाकरी फुगली की चिमट्याने उचलून खिडकीतून बाहेर सरकवत. बाहेर ज्याचं ताट रिकामं असेल तो हात पुढे करी. मी आल्यावरही तेच चाललं होतं. मी वाढायला बाहेर उभी राहायची आणि नंतर आम्ही दोघी आतच, ओट्याला टेकून जेवायचो. टेबलाशी बसायचं आईंना सुचायचंच नाही.

पावसाळा संपता संपता आईंना घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पेजसुद्धा. अन्ननलिकेत गाठ निघाली. मुंबईला नेलं, शेक दिले, केमो दिली, सगळं केलं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी पोटाला बाहेरून एक नळी बसवली आणि घरी न्या म्हणाले. त्यांनी आणखी जे सांगितलं ते हर्षलने मला गाडीतळावर उभं राहून सांगितलं. अण्णांना बहुतेक त्याआधीच कळलं होतं.

आईंचं जेवण आता माझ्या हातात आलं. नाचणीची पातळ पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं वस्त्रगाळ करायचं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची आणि वरून हळूहळू ओतायचं. आई आपल्या खोलीचं दार लावून घ्यायला लावत. पडदाही ओढायचा. "यांना आत नको येऊ देऊ," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. अण्णाही वेळ झाली की चपला घालून बाहेर पडत.

आमचंही जेवण दाराआड गेलं. कुणी ठरवलं नव्हतं. आईंचा डोळा लागला की मी घाईघाईने कुकर लावायची. फोडणी बंद झाली. लसूण, मिरची, हिंग, ज्याचा वास खोलीपर्यंत जाईल ते घरात शिजेना. मी आणि हर्षल वरण-भात गच्चीत नेऊन खायचो. खाऊन आल्यावर मी दात घासायची, मग आईंच्या खोलीत जायची. अण्णा दुपारी सदाभाऊंच्या दुकानात जात. सदाभाऊ म्हणजे त्यांचे जुने मित्र, स्टेशन रोडला त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. संध्याकाळी अण्णा परत आले की मी विचारायची आणि ते म्हणायचे, "जेवून आलो बेटा. तू घे."

रोज संध्याकाळी आईही मला विचारायच्या, "अण्णा जेवले?"

"हो, बाहेर जेवून आलेत."

"हं," आई म्हणायच्या.

अशात एका सकाळी त्यांनी रांगोळीचा डबा मागवला होता.

हर्षल रात्रपाळी करून आला तेव्हा रेघा बघून त्याने काही विचारलं नाही. अंघोळ करून लॅपटॉप घेऊन आईंजवळ बसला आणि त्यांना चित्रं दाखवू लागला. "हे बघ आई, असं करतात आता. स्वयंपाकघराच्या मधोमध मोकळा ओटा. याला आयलंड म्हणतात."

"आयलंड म्हणजे बेट ना?"

"हो."

"बेट नको मला. ते चारी बाजूंनी सुटं असतं. मला टेबलाला चिकटलेलं पाहिजे."

"मग एका बाजूने टेबल जोडू. हे बघ, असं."

"यात टेबल खाली आहे आणि ओटा वर. पायरी दिसतेय मध्ये." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पायरी नको. एकाच उंचीचं. शेगडीपासून शेवटच्या ताटापर्यंत हात सरळ गेला पाहिजे."

रमजानभाई मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी टेप लावून मापं घेतली आणि डोकं खाजवलं. "ताई, टेबलाच्या उंचीवर शेगडी ठेवली तर उभ्याने वाकून कंबर जाईल सूनबाईची."

"बसून करेल. खाली पाय जायला मोकळी जागा ठेवा. इथे कपाट नको."

"आणि गॅसची नळी?"

"जमिनीतून घ्या. भिंत पाडणारच आहात, तर फरशी उचलायला काय हरकत?"

"बरं. टेबल नवीन करायचं का?"

"नाही. हेच सागवानी घ्या. त्याचे ओट्याकडचे दोन पाय काढा आणि ते टोक ग्रॅनाइटवर टेकवा. बाहेरचे दोन पाय राहू द्या."

रमजानभाईंनी टेबलावर हात फिरवला. "लाकूड चांगलं आहे. पण दगडाला घट्ट चिकटवणार नाही मी. लाकूड फुगतं, दगड फुगत नाही. बारीक फट ठेवतो, वर पितळेची पट्टी मारतो."

"पट्टी बोटाला लागायला नको," आई म्हणाल्या. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

अण्णा पडवीतून हे सगळं ऐकत होते. मिस्त्री गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "तिला समजाव. तुझं ऐकते ती. आता ज्याने तिला आराम पडेल ते करू. पलंग चांगला घेऊ, हवेची गादी घेऊ."

मी आईंना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "गादी घ्या नंतर. झोपायचंच आहे मला नंतर. आधी हे."

काम सुरू झालं. भिंत पाडली त्या दिवशी आईंच्या खोलीच्या दाराला आम्ही ओली चादर बांधली. त्या आत कानोसा घेत पडून होत्या. हातोडा थांबला की हाक मारायच्या. "काय पडलं?"

"खिडकीच्या वरचा भाग."

"खिडकी गेली?"

"जातेय."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. इतकी वर्षं त्या खिडकीपाशी उभं राहून काढली होती. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "छे. आधीच पाडायला पाहिजे होती."

काम चालू असताना एक दिवस त्यांनी मला अण्णांचा पट्टा आणायला सांगितला. पट्ट्याची भोकं निरखून बघितली. सगळ्यांत आतल्या भोकाच्याही पुढे एक वेडंवाकडं भोक पाडलेलं होतं, खिळ्याने पाडावं तसं. आईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पट्टा मला परत दिला. "जागेवर ठेवून दे. विचारू नकोस काही."

मी विचारलं नाही. घरात सगळ्यांचेच कपडे सैल झाले होते, म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

सदाभाऊ त्याच सुमारास आईंना बघायला आले होते. अण्णा तेव्हा टाइल्सच्या दुकानात गेले होते. मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मी कप घेऊन आले तेव्हा सदाभाऊ मान खाली घालून बसले होते आणि आई म्हणत होत्या, "तुम्ही काही बोलू नका त्यांना. मी बघते."

ओटा तयार झाला. काळा ग्रॅनाइट, एका टोकाला दोन बर्नरची शेगडी, मधे भाकरी थापायला जागा, मग पितळेची पट्टी, आणि तिथून पुढे आमचं जुनं टेबल, पॉलिश करून नवं झालेलं. भिंत गेल्यामुळे मागच्या लिंबाकडचा उजेड थेट समोरच्या खोलीपर्यंत यायला लागला. आईंना आम्ही खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी शेगडीशी बसून हात लांब केला. मग मला टेबलाच्या टोकाला बसवलं आणि म्हणाल्या, "ताट तिथे आहे असं समज." त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही. त्या जरा पुढे झुकल्या, तेव्हा पोचला.

"जमलं," त्या म्हणाल्या. "रविवारी भरीत करू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. भरीत म्हणजे त्या घरातला सगळ्यात मोठा वास. हिरवी पोपटी लांबट वांगी कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, तो धूर गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मग लसूण, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि वरून तेलाची कडकडीत फोडणी. गेल्या दोन महिन्यांत आम्ही साध्या जिऱ्याला घाबरत होतो.

"आई, नको. तुम्हाला त्रास होईल."

"कसला?"

मी पितळेच्या पट्टीवरून बोट फिरवत राहिले.

"तुला काय वाटतं, तुम्ही गच्चीत जेवता ते मला कळत नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुझ्या तोंडाला दिवसातून चार वेळा पेस्टचा वास येतो. तुम्ही दार लावून खाता, मी दार लावून घेते. सगळं घर चोरून जेवतंय."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "अण्णांना सांग, वांगी त्यांनी भाजायची. ते काम त्यांचंच आहे."

ते खरंच अण्णांचं काम होतं. थंडीत शेतावर भरिताचा बेत असला की वांगी भाजायला तेच बसत. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते येत नाही असा त्यांचा समज होता. त्या रविवारी मात्र ते अंगणात काड्यांच्या ढिगासमोर बराच वेळ नुसते उभे होते. हर्षलने आगपेटी पुढे केली तेव्हा कुठे बसले.

वांगी तडतडू लागली. काळी पडली, सुरकुतली. अण्णा काठीने ती उलटी करत होते. धुरामुळे की कशामुळे, सारखे डोळे पुसत होते. घरात आई शेगडीशी बसून मला सांगत होत्या. मिरच्या आणि लसूण आधी तेलात परत. वांगी सोलली की लाकडी परातीत घाल. ठेचायचं, वाटायचं नाही. तोंडात त्याचा धागा लागला पाहिजे. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठात गरम पाणी ओत, एकदम नको.

भरीत झालं. त्यांनी चमचाभर जिभेवर घेतलं, डोळे मिटून तोंडात घोळवलं आणि शेजारच्या वाटीत थुंकलं. त्यांनी पदराने ओठ टिपले. "मीठ कमी आहे. थोडी पात घाल अजून."

मी ताटं मांडली. हर्षल बसला. अण्णा हातपाय धुऊन दारात आले आणि तिथेच थांबले.

"मला नको आता," ते म्हणाले. "मी मघाशी खाल्लंय."

"कुठे?" आईंनी विचारलं.

"ते... सदाकडे."

"सकाळपासून तुम्ही अंगणात आहात."

अण्णांनी धुतलेले हात पुन्हा पुसले.

"सदाभाऊंना मी विचारलंय," आई म्हणाल्या. "त्यांच्याकडे तुम्ही चहाशिवाय काही घेत नाही. कधी खारी, कधी केळं. ते डबा पुढे करतात आणि तुम्ही म्हणता घरून जेवून आलो. आणि घरी येऊन मृणालला सांगता, सदाकडे जेवलो."

हर्षलने मान वर करून वडिलांकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. अण्णा गेले कित्येक दिवस आमच्यासमोर सुकत होते, आणि आमची सगळ्यांची नजर आईंच्या खोलीकडे लागली होती.

"घास वर जात नाही कुमुद," अण्णा म्हणाले. दाराची चौकट त्यांनी धरली होती. "तू उपाशी, आणि मी काय म्हणून..."

"कोण म्हणालं मी उपाशी आहे?"

अण्णांनी चौकट सोडली.

"मृणाल मला वेळच्या वेळी भरवते. तुम्ही त्या वेळेला घरात थांबत नाही. मी तुम्हाला थांबू दिलं नाही. नळी दिसेल, तुम्हाला कसंतरी होईल, म्हणून मी पडदे लावले. माझं जेवण तुम्ही पाहिलंच नाही, मग तुम्हाला मी उपाशीच वाटणार." त्या माझ्याकडे वळल्या. "मृणाल, माझंही आण. इथेच."

"इथे?"

"टेबलावर. सगळ्यांच्या बरोबर."

मी पेज गाळून आणली. सिरिंज, पाण्याचा पेला, नॅपकिन. आईंनी पदर बाजूला केला आणि नळीची कळ स्वतःच्या हाताने सोडली. अण्णांनी तोंड फिरवलं.

"बघा," आई म्हणाल्या. "काही नाही त्यात. नाचणी आहे."

अण्णा वळले. त्यांनी पाहिलं. मी सिरिंज वर धरून पेज ओतली, ती हळूहळू खाली उतरत गेली. सिरिंज रिकामी होत आली की मी आणखी ओतायची. ते दारातून दोन पावलं पुढे आले, मग टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. त्यांची नजर त्या नळीवरच होती.

"किती लागतं हिला?" त्यांनी मला विचारलं.

"असा एक मोठा पेला. नंतर पाणी."

"गरम नाही ना?"

"नाही. मी हाताच्या मागच्या बाजूला बघते."

आईंनी तव्यावरची भाकरी उचलली. तेवढी एकच त्यांनी थापली होती, बाकीच्या माझ्या होत्या, वेड्यावाकड्या. ती भाकरी ग्रॅनाइटवरून, पट्टीवरून, लाकडावरून सरकवत त्यांनी हात लांब केला आणि ती अण्णांच्या ताटात ठेवली.

"इतकी वर्षं मी तुम्हाला वाढलं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही जेवताना कसे दिसता हे मला ठाऊक नाही. मी आत आणि तुम्ही बाहेर. खिडकीतून मला तुमचा हात दिसायचा, तेवढाच. भाकरी घेतली की हात जायचा. आवडलं की नाही तेही मी हातावरून ओळखायची. आता माझ्याकडे वेळ थोडा आहे. मला तुम्ही जेवताना बघायचंय. एवढ्यासाठी घर फोडलं मी."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो भरितात बुडवला आणि धरून बसले. मग तोंडात घातला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता, एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने त्यांनी आईंचं मनगट धरलेलं होतं. हर्षल मान खाली घालून खात होता. मी सिरिंज धरून उभी होते.

आई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. नवीन काही बघावं तसं.

"तुम्ही डाव्या बाजूनेच चावता," जरा वेळाने त्या म्हणाल्या.

"उजवीकडची दाढ काढली ना."

"कधी? मला नाही सांगितलं."

"सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "तू भाकऱ्या करत होतीस."

आईंना हसू आलं. हसताना त्यांना खोकला आला, मी नळी सांभाळली, आणि अण्णांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर आम्ही सगळे तसेच जेवलो, रोज, दोन्ही वेळा. घरात पुन्हा फोडण्या व्हायला लागल्या. आई टेबलाशी बसून स्वतःच्या नळीतून जेवत आणि आम्ही ताटातून. पेज ओतायचं काम अण्णांनी माझ्याकडून मागून घेतलं. सुरुवातीला त्यांनी बरीच सांडली. मग हात बसला. चव बघणं मात्र आईंनी सोडलं नाही. भाजी फिकी झाली की वाटीत थुंकून मला सांगायच्या. मी शेवभाजी शिकले, फौजदारी डाळ शिकले, कळण्याची भाकरी गोल यायला लागली. अण्णांच्या पट्ट्यातलं ते वाकडं भोक लागेनासं झालं.

आई रामनवमीच्या आधी गेल्या. सकाळी, आपल्या खोलीत, त्या हवेच्या गादीवर. शेवटचे दिवस फार वाईट गेले, ते मी इथे सांगत नाही. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते. त्यांनी जेवण कधी चुकवलं नाही. आमच्या मुलीला भाकरी मोडून दुधात कालवून भरवायचे, त्याच टेबलाशी. आता तेही नाहीत. हर्षलच्या बदलीमुळे आम्ही नाशिकला आलो, ते घर दुसऱ्या कुणाचं झालं.

मला त्या सगळ्यातली एक दुपार आठवते. आई टेबलाशी बसल्या ती शेवटची, पण त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं.

ऊन तापायला लागलं होतं. मी पिठलं केलं होतं. अण्णांनी आईंची पेज दिली, पाणी दिलं, नळी बंद केली आणि मग आपलं ताट ओढलं. आई नेहमीसारख्या आमच्याकडे बघत होत्या. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, हातांवर डोकं टेकवलं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, त्या झोपल्या होत्या. बऱ्याच दिवसांत त्यांना अशी गाढ झोप लागली नव्हती. वेदना त्यांना झोपू देत नसत.

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही आवाज न करता जेवण संपवलं. पण उठायचं कसं? खुर्ची सरकवली असती तर फरशीवर करकरली असती. भांडं उचललं असतं तर वाजलं असतं. त्यांचा कान फार तिखट होता. म्हणून तिघंही तसेच बसून राहिलो. बोटांना पिठलं वाळून घट्ट झालं. हर्षलला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. त्याने डाव्या हाताने फोन काढून उशीर होईल असं कळवलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. लिंबाची सावली टेबलावरून सरकत आईंच्या केसांपर्यंत आली. केमोने गेलेले केस तेव्हा नुकते येत होते, लहान मुलाच्या जावळासारखे. अण्णा त्या केसांकडे बघत होते. मधे एक माशी आली, ती त्यांनी हवेतच हाताने लांब केली, पुन्हा पुन्हा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आईंनी डोळे उघडले. डोकं तसंच हातांवर ठेवून त्यांनी एकेकाच्या ताटाकडे पाहिलं. आपण कुठे आहोत हे क्षणभर त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"झालं सगळ्यांचं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक. "मी झोपले की काय? बघायचं राहिलं माझं."

हर्षल 'हो' म्हणणार होता. त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं.

"नाही नाही," अण्णा म्हणाले. "कुठे झालं? आत्ताच तर बसलो." त्यांनी वाळलेला हात पेल्यातल्या पाण्याने ओला केला आणि ताट पुढे ओढलं. "मृणाल, मला भाकरी दे बेटा. पिठलं आहे ना अजून?"

भाकऱ्या केव्हाच गार झाल्या होत्या. मी एक त्यांच्या ताटात ठेवली, शेजारी गार पिठलं वाढलं. हर्षलनेही आपलं ताट पुढे केलं. आईंनी हनुवटी मनगटावर टेकवली आणि त्या अण्णांकडे बघू लागल्या.

अण्णांनी तुकडा मोडला आणि खाल्ला, मग दुसरा.

"हळू," आई म्हणाल्या. "घाई काय आहे."

ते हळू खायला लागले. भाकरी संपत आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता आणखी एक मागितली.